पडल्यापडल्या वाचलेली स्तोत्रं

मला छातीचा क्षय झाला होता आणि आता मी बरी आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्या जिवाची काळजी करत बसायला नको. आमच्या पाळकसाहेबांनी हे लिहायला सांगितलं. गेल्या वर्षात आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतल्या तीन घरांत हा आजार निघाला, आणि तिन्ही घरांतून मला निरोप आला की, बाई, तुम्ही ते दिवस काढले कसे. औषधांचं डॉक्टरांना विचारावं. मी फक्त अंथरुणावरचं सांगणार आहे.

मी कळंबला प्राथमिक शाळेत मास्तरीण. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठी लिहिताना ते अजून एकेक अक्षर जपून टाकतात. एकच मुलगी, कृपा. तेव्हा बारा वर्षांची होती आणि सहावीत शिकत होती. मी बेचाळीस वर्षांची. याद्या करणं हा माझा स्वभाव. धुण्याची यादी, लोणच्याच्या बरण्यांची यादी, रविवारच्या शाळेत कोणतं पोर किती वेळा गैरहजर त्याची यादी. आमच्या मंडळीत सांगतात की लग्नाच्या दिवशी मी पदराला टाचणीने यादी लावली होती. हे खरं नाही. यादी हातात होती.

फोटोचा दिवस

खोकला पावसाळा संपल्यापासून होता. शाळेचा मुआयना, म्हणजे साहेबांची तपासणी, होऊन जाऊ दे, मग दवाखान्यात जाऊ, असं मी ठरवलं होतं. मुआयना झाला, मग नाताळ आला, मग रविवारच्या शाळेचं बक्षीस वाटप. फेब्रुवारीत एकदाची धाराशिवला गेले. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"हे इथं दिसतंय का?"

"काय आहे?"

"भोक आहे, बाई."

"केवढं?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "सुपारीएवढं."

मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि लिहिलं: डावी बाजू, वर, सुपारीएवढं. डॉक्टर बघत राहिले.

"लिहून काय करणार?"

"घरी सांगावं लागेल."

"घरी मागाहून. आधी दवाखान्यात भरती व्हायचं. काही महिने झोपून राहायचं."

"झोपून म्हणजे?"

"झोपून म्हणजे झोपून."

त्या वेळी मनात देव आला नाही, मरणही आलं नाही. कृपा आणि मी एका ताटात जेवतो, एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी तिचाही फोटो काढून घेतला. स्वच्छ निघाला. त्या आठवड्यातली ही एकच चांगली गोष्ट, म्हणून वहीत ती सगळ्यात वर लिहिली.

घरी आल्यावर मी यांच्यासाठी यादी केली. एकतीस कलमं. रांजण कधी धुवायचा, तिखट कुठल्या डब्यात आहे, म्हैस कोणाच्या गोठ्यात ठेवायची. एकतिसावं कलम असं होतं: जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मी परत आले नाही, तर कृपाचं शाळेतून नाव काढावं आणि तिने घर सांभाळावं.

मी मास्तरीण आहे. मुलीचं नाव काढायला येणाऱ्या आईबापांशी मी किती वेळा वाद घातलाय. तरी हे कलम मी त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ज्यात लोणच्याच्या बरण्या लिहिल्या होत्या.

यांनी कागद खालपर्यंत वाचला. "हे शेवटचं काय आहे?"

"व्यवस्था."

"लोकांच्या पोरींसाठी तू दारोदार भांडत फिरतेस."

"लोकांच्या घरात आजी असते, काकू असते. आपल्याकडे कोण आहे?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. कृपा कंदिलाची काच पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुसायची थांबली नाही, वर बघितलंही नाही. "जूनपर्यंत तू येशीलच की," म्हणाली.

म्हणजे मला दोन गोष्टी साधायच्या होत्या. बरं व्हायचं, आणि जूनच्या आत व्हायचं. दुसरी मला पहिलीपेक्षा मोठी वाटायची.

आप्पांनी काढलेलं पान

निघायच्या आदल्या दिवशी मंडळी प्रार्थनेला आली. आमची मंडळी अकरा घरांची. आप्पा हे सगळ्यात वडीलधारे, सत्तरीचे, मोतीबिंदू पिकत आलेला. आमच्याकडे रिवाज असा की आजाऱ्याच्या घरी एक्क्याण्णवावं स्तोत्र वाचायचं आणि कबरस्तानात नव्वदावं. लहानपणापासून कानाला इतकी सवय की नव्वदाव्याचे पहिले दोन शब्द ऐकले की पुरुषांचे हात टोपीकडे जातात आणि बायका पदर सावरतात.

आप्पांनी चष्मा लावला, पान उलटलं आणि वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला टोप्या निघाल्या. मागे बसलेला एक जण सवयीने उठून उभाच राहिला. त्याच्या बायकोने धोतर धरून त्याला खाली बसवलं. आप्पा आपले ठाम आवाजात वाचत होते: माणूस सकाळी उगवतो आणि संध्याकाळी वाळलेलं गवत होतो, हजार वर्षं म्हणजे कालचा दिवस. शास्त्र वाचताना वडीलधाऱ्याला मध्ये थांबवायची कोणाची छाती होईना. हे दाराकडे बघत बसले. कृपा रडायला लागली.

वाचून झालं. कोणी आमेन म्हणेना. शेवटी एक बाई हळूच म्हणाल्या, "आप्पा, तुमी नव्वदावं वाचलं."

"एक्क्याण्णव वाचलं."

"नव्वद, आप्पा."

आप्पांनी पुस्तक नाकाला लावून बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "पानं चिकटली व्हती गं बाई."

मला हसू आलं. खोकला येईपर्यंत हसले. म्हटलं, "असू द्या आप्पा. एकदा वाचून ठेवलंत ते बरं झालं. आता लवकर परत वाचायला लागायचं नाही." मग सगळेच हसले आणि भरपाई म्हणून एक्क्याण्णवावं सगळ्यांनी मिळून इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारचे लोक दारात आले.

दुसऱ्या दिवशी मोटारीत मात्र नव्वदाव्यातलंच एक मागणं डोक्यात फिरत राहिलं. आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव, असं त्यात देवाला म्हटलंय. मी म्हटलं, मोजायचं असेल तर ते मला येतं. वही काढली. स्तोत्रं दीडशे. रोज पाच वाचली तर तीस दिवसांत एक फेरी. जूनपर्यंत तीन फेऱ्या होतील. प्रत्येक स्तोत्रापुढे पेन्सिलीची खूण करायची. बेत आखून झाल्यावर जरा बरं वाटलं. तिथंच माझी चूक झाली होती, ती कळायला तीन महिने गेले.

दहा खाटा

दवाखाना गावाबाहेर माळावर. बायकांच्या वार्डात दहा खाटा, वर पत्रे, मोठाल्या खिडक्या सदा उघड्या, कारण मोकळी हवा हेच निम्मं औषध. सकाळी घंटा, ताप बघणं, चहा. आठला सुई. मग दूध आणि अंडं. अकरा ते एक सक्तीची विश्रांती, म्हणजे बोलायचंसुद्धा नाही. उठून बसायला बंदी, केस विंचरायला हात वर करायला बंदी. माझी वेणी सिस्टर घालायच्या. बेचाळीस वर्षांच्या बाईला दुसऱ्याने वेणी घालायची याची पहिल्यांदा लाज वाटली, मग मी त्या वेळेची वाट बघायला लागले. सुई टोचताना सिस्टर नेहमी दुसरंच काही तरी विचारायच्या: "काल कालवण कसलं होतं?" आपण आठवत असतो तोवर सुई होऊन जाते.

शेजारच्या खाटेवर ठकूबाई. कळंबजवळच्या वाशीकडची धनगरीण, पंचवीस वर्षांची. दिवाळीपासून तिथं होती. दहा महिन्यांची पोर अंगावर पीत असताना हिचा आजार निघाला आणि त्याच दिवशी पोरीला सासूकडे देऊन हिला आणून टाकलेलं. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुमी मास्तरीन व्हय?"

"हो."

"मंग मला वाचाया शिकवा. पत्र्याकडं बघून बघून डोळं दुखाया लागलं."

"इथं बोलायला बंदी आहे."

"सिस्टर तिकडच्या टोकाला गेली की शिकवा."

माझं वाचन ती बारकाईने बघत असे. एक दिवस म्हणाली, "ही पोथी कसली?"

"स्तोत्रं आहेत. माणसांनी देवाला म्हटलेली."

"म्हंजी गाऱ्हानी."

"स्तुती," मी म्हटलं.

"रोज पाच वाचता आन् शिसपेन्शीलीनं खूण करता. तुमचा देव हजेरी घेतो का काय?"

मी त्या दिवशीच्या पाचव्या स्तोत्रापुढे खूण करून टाकली. पण ती मोठ्याने वाचून दाखवा म्हणाली, तेव्हा नाही म्हणवेना. वहीत मी स्तोत्रांचे दोन रकाने केले होते: 'आजाऱ्यास योग्य' आणि 'पुढे बघू'. देव टेकडीसारखा आहे, देव ढाल आहे, अशी सगळी पहिल्या रकान्यात. रडणारी, देवाला तू कुठं गेलास म्हणून विचारणारी दुसऱ्यात. तिला मी पहिल्यातली वाचून दाखवायची. एकदा लक्ष नसताना सहावं सुरू केलं. त्यातला माणूस इतका रडतो की अंथरूण भिजून जातं. दोन ओळी वाचून मी थांबले.

"थांबलात का? हे माझंच हाय."

"हे दुःखाचं आहे, ठकूबाई."

"मंग? मी हितं काय जत्रंला आलेय?"

त्या दिवसापासून आम्ही 'पुढे बघू' मधलीही वाचायला लागलो. एकशे दुसऱ्यात एक माणूस म्हणतो की माझी हाडं चुलीसारखी पेटली आहेत, मी भाकरी खायची विसरतो, छपरावरच्या एकट्या पाखरासारखा जागा असतो. ठकूबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ह्याला बी ह्योच रोग व्हता," म्हणाली.

मी पडून राहिले नाही

एप्रिलमध्ये ताप उतरला, वजन वाढलं. माझं मीच ठरवलं की मी बरी झाले. जून आठ आठवड्यांवर आलेला. आपण धडधाकट दिसलो तर डॉक्टर सोडतील, असा माझा हिशेब. बाकीच्या बायका झोपलेल्या असताना मी मागच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. पुढे वार्डातलं चादरींचं कपाट लावायला घेतलं. ते खरोखरच फार वाईट लावलेलं होतं.

"बाई, पडा की गप," ठकूबाई म्हणायची.

"मला काही होत नाही."

"लंगडं मेंढरू बी आसंच म्हन्तं. मंग आमी त्याचं पाय बांधतो आन् सावलीला टाकतो."

एका दुपारी चादरींची थप्पी उचलली आणि खोकला आला. तोंडात काही गरम आलं. पदराला पुसलं तर लाल. मग थांबेचना. सिस्टर धावत आल्या. मला खाटेवर आडवं केलं, छातीवर वाळूची पिशवी ठेवली. तीन दिवस हलायचं नाही, बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "झोपून राहा म्हटलं ते औषध होतं, बाई. तेवढं एक औषध तुम्ही घेतलंच नाही."

 

ते तीन दिवस मी खूप घाबरले होते. हे स्पष्ट लिहिते, कारण आपल्या मंडळीत लोक देतात त्या साक्षींमध्ये माणसं घाबरली नव्हती असंच सगळीकडे ऐकू येतं. श्वास घेतला की आता रक्त येईल असं वाटायचं. प्रार्थना सुरू करायची आणि 'हे बापा' च्या पुढे शब्दच सुचायचे नाहीत. वही आणि पुस्तक दोन्ही सिस्टरांनी काढून घेतलेली. इतकी स्तोत्रं वाचून, इतक्या खुणा करून, एकही ओळ धड आठवेना.

दुसऱ्या दिवशी विश्रांतीच्या वेळात ठकूबाई पत्र्याकडे बघत हळू आवाजात बोलायला लागली. "तुमास्नी येत न्हाय तर मी म्हन्ते. गप ऐका. त्यो मानूस काय म्हन्तो, माजी हाडं पेटल्यात. भाकर ग्वाड लागंना. छपरावं पाखरू बसलंय तसा मी हाय. आन् मंग म्हन्तो, द्येवा, आभाळ बी जुनं व्हईल, कापडावानी फाटंल. तू मातुर हाईस तसाच ऱ्हाशील." मग म्हणाली, "पुढचं इसरले. तेवढंच हाय माज्यापाशी."

तेवढंच पुरलं. ते ती तिच्या देवाला म्हणत होती का माझ्या, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. मला त्या दिवशी स्वतःची प्रार्थना नव्हती, तिने तिची उसनी दिली.

म्हाळू

मे महिन्यात ठकूबाईची थुंकी दोन वेळा स्वच्छ आली. डॉक्टरांनी परवानगी दिली: रविवारी, बाहेर मोकळ्या हवेत, लिंबाच्या झाडाखाली, अर्धा तास पोरीला भेटायचं. आठवडाभर ती दुसरं काही बोलली नाही. पडल्यापडल्या पोरीसाठी एक टोपडं शिवलं. टाके वाकडे होते. उसवून नीट करून द्यावेत असं मला फार वाटत होतं, पण मला हात उचलायची बंदी होती.

माझी खाट त्या दिवशी व्हरांड्यात काढली होती, म्हणून सगळं दिसलं. सासू आली. कडेवर म्हाळू, दीड वर्षाची, डोळ्यात काजळ. ठकूबाईने हात पसरले. पोरीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"आगं, आय हाय तुजी," सासू म्हणाली आणि पोरीला पुढे करायला लागली. पोरीने भोकाड पसरलं.

"बळंच नगा दिऊ, आत्याबाई. खाली सोडा तिला."

"पळंल की."

"पळू द्या. कोकराला धराया गेलं की ते पळतंच."

ठकूबाई जमिनीवर बसली आणि पोरीकडे बघायचं बंद केलं. एक काडी घेऊन धुळीत रेघा ओढत बसली. म्हाळू मुंग्यांमागे गेली. परत आली. ठकूबाईच्या बांगडीला बोट लावून पाहिलं, पुन्हा लांब गेली. सासूने तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला.

"वळख पटली की दूध मागंल गं. मंग काय करशील?"

"न्हाय मागायची. इसरली ती."

थोड्या वेळाने म्हाळू चालत आली आणि ठकूबाईच्या मांडीला पाठ लावून बसली. तोंड रस्त्याकडे. भाकरी चघळत येणारी-जाणारी गाढवं बघत होती. तिने काही मागितलं नाही. ठकूबाईने काही दिलं नाही, तिला उचललंसुद्धा नाही, नुसती हलायची थांबली. घंटा होईपर्यंत दोघी तशाच.

खाटेवर परत आली तेव्हा ठकूबाईचे डोळे लाल होते, पण चेहरा निवांत होता. "दुधासाटी न्हाय आली, बाई," ती म्हणाली. "नुस्ती माज्यासाटी आली."

मी सिस्टरांकडून पुस्तक आणि वही परत मागून घेतली. एकशे एकतिसावं स्तोत्र तीनच ओव्यांएवढं आहे. त्याच्यापुढे माझ्या दोन खुणा होत्या. ज्या दिवशी लांब स्तोत्रं यायची त्या दिवशी हे सोयीचं पडायचं, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. त्यात तो म्हणतो की माझ्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींत मी पडत नाही, दूध तुटलेलं लेकरू आईपाशी असतं तसा माझा जीव मी शांत केलाय. ठकूबाईला वाचून दाखवलं.

"लिवनाऱ्याला लेकरं व्हती," ती म्हणाली.

"राजा होता म्हणतात."

"आसंल. पन लेकरं व्हती."

सक्तीच्या विश्रांतीच्या दोन तासांत मी त्यावर विचार केला. मी रोज पाच स्तोत्रं वाचत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी देवासमोर तोच कागद धरत होते: जून, फोटो, कृपाची शाळा. मागण्यात काही वाईट नाही. पितं मूल मागतंच. पण काही न मागता त्याच्याजवळ नुसतं बसावं, असं मला बेचाळीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. ते कसं करायचं याची कृती कुठं लिहिलेली नाही. मी वही गादीखाली सरकवली आणि पडून राहिले. भीती गेली नाही. पण भीती असतानाही पडून राहता येतं, हे त्या दिवशी कळलं. नंतर खुणा केल्या नाहीत. कधी एकच स्तोत्र चार दिवस पुरायचं.

दुसरा फोटो

शाळा उघडायच्या आठवड्यात फोटो काढला. डॉक्टर खाटेपाशी आले.

"सुपारीचं हरभऱ्यावर आलंय. पण बुजलेलं नाही. आणखी तीन महिने."

"तीन म्हणजे तीनच का?"

"ते मला आज सांगता येत नाही."

"बरं," मी म्हटलं.

ते थोडे थांबले. मी पेन्सिल काढेन असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांनी शिकवलं होतं तशी डाव्या कुशीवर वळले आणि जेवणाची घंटा होईपर्यंत झोपले. यात धैर्य काही नव्हतं. झोप आली होती.

पुढच्या रविवारी हे आले. स्टुलावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी तीन महिन्यांचं सांगितलं.

"हं," म्हणाले.

"कृपा..." मी म्हटलं.

"सोमवारी सातवीत बसली. वर्गात पुढच्या बाकावर आहे."

"आणि घर?"

"घर आहे जागेवर."

"स्वयंपाक कोण करतं?"

"सकाळच्या भाकऱ्या ती करून जाते. संध्याकाळच्या मी."

"तुम्ही भाकऱ्या करता?"

"गोल होत नाहीत. पण शिजतात." मग म्हणाले, "मंगळवारी आणि शुक्रवारी आप्पांच्या घरून कालवण येतं. म्हातारा स्वतः घेऊन येतो. चुकीचं स्तोत्र वाचल्याचं अजून त्याच्या मनातून जात नाही."

मला विचारायलाच लागलं. "माझी यादी?"

ते खिडकीतून लिंबाकडे बघत म्हणाले, "तीस कलमं तंतोतंत केली. शेवटचं माझ्याच्यानं झालं नाही."

"कधी ठरवलंत?"

"घडी केली तेव्हाच."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू आजारी होतीस. वाद घालायला लागली असतीस."

चार महिने मी ज्याच्यासाठी देवाला जागचं हलू दिलं नव्हतं, ते या माणसाने पहिल्या दिवशीच खिशात घालून ठेवलं होतं. मला हसू आलं. यांनी घाबरून सिस्टरांना हाक मारली, कारण मला हसायला परवानगी आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

आता जे पडून आहेत त्यांच्यासाठी

ठकूबाई श्रावणात घरी गेली. आपलं नाव लिहायला शिकून गेली आणि माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर ते लिहून ठेवलं. मी सप्टेंबरच्या शेवटी सुटले. आमच्या दहा खाटांवरच्या दोघी परत गेल्या नाहीत. त्यांतली एक माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना करायची. तेव्हा विश्वास धरला म्हणजे माणूस बरं होतंच, असं मी कोणाला सांगणार नाही. विश्वासाने मी पडून राहायला शिकले आणि पडून राहिल्याने औषधं लागू पडली, इतकंच माझ्या माहितीचं आहे.

बाकी थोडं सांगते. तुमची भांडी वेगळी ठेवतील. ठेवू द्या, त्यात अपमान नाही, आणि आपणच आधी वेगळी केली तर घरच्यांचा संकोच जातो. भेटायला येणारा माणूस खाटेपाशी उभा राहून तुमचं पुढं काय होणार ते तुमच्याच देखत बोलेल. त्याला पाणी आणायला पाठवा. रडणारी स्तोत्रं वगळू नका, ती आजाऱ्यांसाठीच लिहिलेली आहेत. प्रार्थना सुचली नाही तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणायला सांगा, त्याचा देव कोणता ते विचारत बसू नका. आणि बरं वाटायला लागलं की कपाटं लावायला जाऊ नका.

घरी आले तेव्हा डॉक्टरांनी आणखी वर्षभर काम नको म्हणून लिहून दिलं होतं. पहिल्या सोमवारी कृपा भाकऱ्या करून शाळेत गेली. जाडसर होत्या, एक करपलेली. हे कचेरीत गेले. अकरा वाजले. सोप्यात खाट टाकली होती, तिथं मी पडले. उतरंडीवर धूळ दिसत होती. मागच्या बाजूला कोणी तरी ज्वारी पाखडत होतं, सुपाचा आवाज येत होता. आमच्या अंगणात पाखडतायत की शेजारच्या, ते बघायला मी उठले नाही.